दत्तक मैदाने आणि जिमखान्याची दारे

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाने जानेवारी २०१६ मध्ये शहरातील मोकळ्या जागांविषयीचे एक धोरण मंजूर केले. मैदाने, बागा आणि क्रीडांगणे सेवाभावी वा खासगी संस्थांकडे देखभालीसाठी सोपवावीत, असा त्याचा आशय होता. नागरिकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणाला स्थगिती दिली आणि आधीपासून संस्थांच्या ताब्यात असलेले दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याचे काम पालिकेला अंगावर घ्यावे लागले. २००७ च्या सुमारास असाच गदारोळ उडाला होता. २०२३ मध्ये नवा मसुदा आला आणि नव्याने हरकती उठल्या. दर आठ-दहा वर्षांनी हा प्रश्न मुंबईपुढे त्याच शब्दांत उभा राहतो: पालिकेकडे जमीन आहे, पण ती राखायला माणसे आणि पैसा अपुरा; संस्थेकडे उत्साह आणि देणगीदार आहेत, पण जमीन नाही. मग दोघांनी हातमिळवणी का करू नये?

या धोरणाच्या मराठी परिभाषेत दोन शब्द वारंवार भेटतात. एक ‘काळजीवाहू’ आणि दुसरा ‘दत्तक’. ‘काळजीवाहू’ तत्त्वावर भूखंड घेणाऱ्या संस्थेला त्याच्या काही भागावर क्लबहाऊससारखे बांधकाम करता येत असे. ‘दत्तक’ घेणाऱ्याने केवळ देखभाल करायची. भाषेच्या अभ्यासकाला यातील दुसरा शब्द अस्वस्थ केल्याशिवाय राहत नाही. दत्तकविधानात घराण्याची मालमत्ता दत्तक मुलाकडे जाते आणि जन्मदात्या घराचा त्याच्यावरचा हक्क संपतो. भूखंडाच्या बाबतीत यातील पहिली गोष्ट उलटी होते, कारण येथे जे दत्तक जाते तीच मालमत्ता असते. दुसरी गोष्ट मात्र पुष्कळदा तंतोतंत खरी ठरते. ज्या महाराष्ट्राने १८४८ मध्ये दत्तक नामंजूर झाला म्हणून साताऱ्याचे राज्य खालसा होताना पाहिले, त्याच्या राजधानीत दत्तक मंजूर झाल्याने मैदाने हातची जावीत, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. पण शब्दाच्या चर्चेत फार अडकायला नको. सार्वजनिक रंजनाची जागा शासन आणि संस्था यांनी मिळून उभी करायची, ही कल्पना मुंबईत दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचे आधीचे प्रयोग कसे पार पडले हे आजच्या वादात फारसे कोणी विचारत नाही.

पहिला मोठा प्रयोग भायखळ्याचा. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही शेती आणि बागाईतीत रस असलेल्या प्रतिष्ठितांची संस्था. तिची बाग आधी शिवडीला होती; ती जागा पुढे युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली. भायखळ्याच्या नव्या बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले. हीच ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’, लोकांच्या तोंडची राणीची बाग आणि आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्याच आवारात वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. संग्रहालयासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या समितीत जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच भरभराटीच्या काळात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहत होता आणि वर्गणीला तोटा नव्हता.

१८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला. नाना शंकरशेट त्याच वर्षी निवर्तले. संग्रहालयाचे काम रेंगाळले. अखेरीस सरकारी मदतीने ते पुरे होऊन १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सोसायटीलाही बाग पेलवेना आणि १८७३ मध्ये ती पालिकेच्या स्वाधीन करण्यात आली. हे साल लक्षात घेण्याजोगे आहे. १८७२ च्या कायद्यानुसार करदात्यांनी निवडलेले सभासद मुंबईच्या कॉर्पोरेशनमध्ये प्रथम बसले, ते १८७३ मध्येच. मतदार थोडे होते आणि ते सारे संपन्न वर्गातले होते, हे खरे. तरीही बागेचा खर्च आता कोणाला तरी जाब विचारता येईल अशा सभागृहात मांडला जाणार होता. हौशी मंडळींची संस्था बुडाली आणि शहराला बाग मिळाली. पुढे १८९० मध्ये बागेला आणखी जमीन जोडून प्राणिसंग्रहालय आले. गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांची सुटीची सहल म्हणजे राणीची बाग. सोसायटी चिरंजीव झाली असती, तर हत्तीवर बसायला मुलांची तशी रांग लागली असती का, याची मला शंका वाटते.

ही शंका वाटण्याचे कारण समुद्राच्या बाजूला उभे आहे. ‘जिमखाना’ हा शब्द आपण महाविद्यालयांत रोज वापरतो, शुल्काच्या पावतीवर छापतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचा कयास असा, की हिंदुस्थानीतल्या ‘गेंदखाना’ या शब्दावर इंग्रजी ‘जिम’चे कलम होऊन तो बनला असावा. शब्द संकरातून जन्मला. संस्था मात्र शुद्धतेच्या मागे लागल्या. बॉम्बे जिमखाना १८७५ मध्ये स्थापन झाला, तो केवळ युरोपियनांसाठी. किल्ल्याचा तट पाडल्यानंतरच्या एस्प्लनेडच्या मैदानावर त्याच्या सभासदांचा पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडली जाई. त्याच मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. १८८१ मध्ये शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नरांकडे अर्ज केला: मूठभर साहेबांच्या पोलोसाठी आमचे मैदान का खराब व्हावे? या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवली आणि रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात ती नव्याने उजेडात आणली. निर्णय एकदा खेळाडूंच्या बाजूने लागला, मग फिरला.

अखेर सरकारने जो तोडगा काढला तो पुढच्या साऱ्या इतिहासाला वळण देणारा होता. मैदान सर्वांचे आहे, हे तत्त्व मान्य करण्याऐवजी प्रत्येक जमातीला तिचे वेगळे मैदान देण्यात आले. केनेडी सी-फेसच्या भराव घातलेल्या जमिनीवर आधी पारशी जिमखाना आला (संस्था १८८५ ची). लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९० ते १८९५ या काळात, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांनाही शेजारी जागा मिळाल्या. जमीन सरकारची, इमारत आणि व्यवस्था जमातीच्या देणगीदारांची. आजच्या भाषेत बोलायचे तर ही ‘भागीदारी’च. हिंदू जिमखान्याच्या नावातच परमानंददास जीवनदास हे नाव कायमचे जडलेले आहे. अर्ज करताना पारशी आणि हिंदू खेळाडू मैदानाच्या एकाच बाजूला उभे होते. जमीन मिळाल्यावर ते चार भिंतींआड वेगळे झाले. १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी आणि १९३७ ची पंचरंगी स्पर्धा या त्याच जमीनवाटपाच्या पुढच्या पायऱ्या होत. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मवार क्रिकेटला विरोध दर्शवला, तरी स्पर्धा आणखी काही वर्षे चाललीच.

आणि हिंदूंच्या मैदानात सगळे हिंदू होते का? पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखताना ते साहेबांना गोलंदाजी करू लागले. हिंदूंच्या संघाला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती. पण पुण्यातल्या सामन्यांत त्यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई. मुंबईत आल्यावर त्यांनी हिंदूंना युरोपियनांविरुद्ध १९०६ मध्ये गाजलेला विजय मिळवून दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. ते धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही कटु वादांनंतर. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत आहे. आत्मचरित्र शिकवताना आपण नटांची, समाजसुधारकांची आणि पुढे दलित लेखकांची पुस्तके हाती घेतो. खेळाडूचे हे पुस्तक अभ्यासक्रमाच्या कडेलाही दिसत नाही. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा मराठीतला इतिहास लिहायचा झाल्यास त्या पुस्तकाला वळसा घालून जाता येणार नाही.

तिसरा प्रयोग या दोहोंहून वेगळा. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. परळ आणि आसपासच्या गिरणी वस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये असा तिचा पसारा वाढत गेला. ज्या खोल्यांत पाळीपाळीने झोपावे लागे, तिथल्या माणसाला बसायला जागा हवी, वाचायला दिवा हवा, नाटक करायला रंगमंच हवा, हे या माणसांना कळले होते. पुढे परळचा दामोदर हॉल उभा राहिला आणि कामगार रंगभूमीला हक्काचे घर मिळाले. कोकणातून आलेल्या, दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांनी येथे तालमी केल्या. सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्था या आवाराशी जोडलेल्या राहिल्या. ‘मनोरंजन’ या शब्दाकडे आपले समीक्षक थोडे नाक मुरडूनच पाहतात. ज्याच्या आयुष्याचा भोंगा दुसरा कोणी वाजवतो त्याच्यासाठी करमणुकीचे दोन तास किती मोलाचे असतात, हे त्या समीक्षेत कधी शिरलेच नाही. कामगार रंगभूमीवरचे आपले लेखन बहुतांशी प्रमाणपत्रे वाटण्याच्या सुरात झाले, त्याचे मूळ मला येथे दिसते.

याच सुमारास, १९२७ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले. दाराची अट जात-धर्माची नसून शेजाराची होती. १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था, म्हणजे आजची टिस, याच घरात जन्मली.

जिमखाना आणि लीग यांच्यातला फरक सद्हेतूचा होता, असे म्हणून सुटता येत नाही. हिंदू जिमखान्याचे देणगीदारही आपण लोकहित करतो आहोत असेच मानत असणार. फरक ‘आपले लोक’ कोण, या समजुतीत होता, आणि ही समजूत देणाऱ्या सरकारने करारात कधी विचारलीच नाही. लीगच्या बाबतीत ती संस्थापकांच्या मनात होती. पण संस्थापक जातात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनीचा भाव वाढला, आणि ज्या प्रेक्षकासाठी ते नाट्यगृह होते तोच वस्तीतून उठला. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले. नाट्यकर्मींनी आंदोलन केले ते मुख्यत्वे नव्या संकुलात नाट्यगृहाचे स्थान काय राहणार, या प्रश्नावरून.

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून गेल्या काही वर्षांतले मुंबईचे वाद वाचावेत. पालिकेची बाजू अगदीच लटकी नाही. दुर्लक्षित मैदानात राडारोडा पडतो, वाहने उभी राहतात, झाडे वाळतात; उत्साही रहिवाशांनी घेतलेली एखादी छोटी बाग मात्र हिरवीगार असते. अशी उदाहरणे आहेत आणि विरोधकांनी ती नाकारू नयेत. पण ‘काळजीवाहू’ पद्धतीत काही मोठी मैदाने राजकीय वजन असलेल्या मंडळींच्या संस्थांकडे गेली, तेथे क्लब उभे राहिले, सभासदत्वाचे शुल्क आले, फाटकावर रखवालदार आला. २०१६ नंतर भूखंड परत मागितले गेले तेव्हा साध्या बागा तुलनेने सहज परतल्या. जेथे पक्के बांधकाम होते तेथे कज्जे आणि टोलवाटोलवी झाली. पैसा ओतला आहे, आता कसे सोडू, हा युक्तिवाद केनेडी सी-फेसवरच्या कोणत्याही जिमखान्याला परका वाटला नसता.

म्हणून पुढचा मसुदा येईल तेव्हा देखभालीचा खर्च कोण करणार, या कलमाच्याही आधी तीन गोष्टी वाचून पाहाव्यात: दार किती वाजता आणि कोणासाठी उघडते, बांधकामाला परवानगी आहे का, आणि संस्था बुडाली किंवा गब्बर झाली तर जागा कोणत्या दिवशी परत येते. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १८७३ मध्ये मुंबईला न मागता मिळाले होते, कारण सोसायटीची तिजोरी रिकामी होती. आजच्या संस्थांच्या तिजोऱ्यांविषयी तसा भरवसा देता येत नाही.