घरच्या पेटींतील इतिहास

वाशीम हें नांव इतिहासाला नवें नाहीं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, ती हीच. अकबराच्या कारकीर्दींत वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें म्हणून अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत या गांवाची नोंद केली. भोसल्यांच्या अमलांत येथील विणकाम नांवाजलेलें होतें. पेशवे व जानोजी भोसले यांच्यामध्यें १७६९ सालीं कनकापूरचा तह झाला, त्यांत वाशीम व बाळापूर येथें तयार होणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. इतकें जुनें हें गांव. पण राजदप्तर म्हणावें असें येथें कांहीं उरलें नाहीं. राजधानी गेली, अंमल बदलले, आणि त्यांच्याबरोबर कागदहि गेले. मग या भागाचा इतिहास जपला कोणीं? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास पावलें सामान्य गृहस्थांच्या घरांकडे वळतात. माळ्यावरची लांकडी पेटी, कोनाड्यांतील कापडी बासन आणि भिंतीवरच्या चौकटींतील धूसर झालेला फोटो, हेंच या जिल्ह्याचें खरें दप्तर होय.

जुना लेख काय करूं शकतो, याचें उदाहरण वाशीमांतच घडलें. १९३९ सालीं येथें चार ताम्रपत्रांचा एक दानलेख उजेडांत आला. यवतमाळचे संशोधक यशवंत खुशाल देशपांडे व त्यांचे सहकारी महाजन यांनीं तो प्रसिद्धीस आणला, आणि महामहोपाध्याय मिराशी यांनीं पुढें त्याचें विवेचन केलें. दुसरा विंध्यशक्ति या वाकाटक राजानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं दिलेलें हें दान. त्यांतील वंशावळ संस्कृतांत, तर व्यवहाराचा मजकूर प्राकृतांत आहे. वत्सगुल्म शाखेचें जें चित्र तोंवर अंधुक होतें, तें या चार पत्र्यांनीं स्पष्ट केलें. तांबें टिकलें, कारण त्यावर जमिनीचा हक्क कोरलेला होता, आणि धातूला वाळवी लागत नाहीं. कागदाच्या नशिबीं हें भाग्य नाहीं.

कागदहि टिकतो, पण त्याला राखणदार लागतो. याच जिल्ह्यांतील कारंजा हें गांव त्याची साक्ष देतें. तेथील जैन मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखित पोथ्या शतकानुशतकें बांधून ठेवलेल्या होत्या. रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील हस्तलिखितांची जी मोठी सूचि १९२६ सालीं प्रसिद्ध केली, तींत या भांडारांना मानाचें स्थान मिळालें. पुढें अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं ‘पाहुडदोहा’ १९३३ सालीं व ‘करकंडचरिउ’ १९३४ सालीं संपादून छापले, आणि अपभ्रंश भाषेचें विसरलेलें वाङ्मय विद्वानांपुढें आलें. पोथीला धर्माचें कवच होतें. ती फेंकणें हें पाप मानलें जाई. घरच्या पत्राला तसें कवच कोठलें? ज्यानें लिहिलें तो गेला, ज्याला लिहिलें तोहि गेला, म्हणजे उरतो तो केवळ एक पिवळा कागद. आणि दिवाळीची झाडलोट त्याची गय करीत नाहीं.

तरीहि महाराष्ट्राचा इतिहास उभा राहिला तो मुख्यतः अशाच पिवळ्या कागदांवर. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन घराण्याचीं पत्रें वर्षानुवर्षें वाचून, नकलून, १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला. त्यांच्यापाशीं ना सरकारी हुद्दा होता ना द्रव्याचें बळ. शाळेचें काम संभाळून त्यांनीं हा उद्योग आयुष्यभर चालविला. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून, वाड्यांच्या अडगळींतून पत्रें मिळवून, ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, आणि पुढें त्या मालेचे एकंदर २२ खंड झाले.

वऱ्हाडाच्या दृष्टीनें तर याहून बोलका दाखला आहे. १८६४ सालीं नागपूरचा भोसल्यांचा जुना राजवाडा आगींत जळाला. पण ज्या भोसल्यांचा हात वाशीमपर्यंत पोंचला होता, त्यांच्या दरबारची हकीकत साताऱ्याकडील वाईजवळच्या मेणवली गांवीं नाना फडणिसांच्या दप्तरांत शाबूत राहिली. नागपुरास असलेल्या पेशव्यांच्या वकिलांनीं तीं पत्रें नानांकडे पाठविलेलीं होतीं. शेजवलकरांनीं त्यांतून निवड करून १९५४ व १९५९ सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. पत्राचा धर्मच असा आहे कीं, तें लिहिणाऱ्याच्या घरीं राहत नाहीं, दुसऱ्याच्या घरीं जाऊन राहतें. म्हणून एका गांवचा इतिहास पुष्कळदां दुसऱ्या गांवच्या पेटींत सांपडतो. मंगरूळच्या एखाद्या घराची हकीकत पुसदच्या व्याह्यांकडे असेल, रिसोडची कथा हिंगोलीच्या जांवयाकडे असेल.

असें जुनें पत्र हातीं आलें, तर त्याचा काळ ठरवावा कसा? मोडींतील पुष्कळ पत्रांत तिथि व महिना असतो, वर्ष मात्र नसतें. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला तें ठाऊकच असे. वर्ष दिलेलें असल्यास शकांत ७८ मिळवावे, म्हणजे साधारणपणें इसवी सन येतो. निजामी अमलामुळें इकडील कागदांत फसली सन येतो, त्यांत ५९० मिळवावे. फसली १३०० म्हणजे इ. स. १८९०-९१. पेशवाईंतील शुहूर सनांत ५९९ मिळवावे लागतात. पोस्टकार्ड असेल तर तें १८७९ च्या जुलै महिन्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं, कारण हिंदुस्थानांत तें तेव्हांच सुरू झालें. त्यावरील मुद्रा राणी व्हिक्टोरियाची आहे कीं सातव्या एडवर्डची, यावरूनहि १९०१ च्या अलीकडचें कीं पलीकडचें, याचा अदमास लागतो.

पण या भागापुरती सर्वांत सोपी खूण पत्त्यांतच आहे. इंग्रजी अमलांत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि त्यांत वाशीम, मंगरूळ व पुसद हे तालुके मोडत. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास जोडले गेले, पुसद यवतमाळाकडे गेलें, आणि कारंजा ज्या मूर्तिजापूर तालुक्यांत होतें, तो तालुका अमरावतींतून निघून अकोल्यांत आला. पुढें १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां अस्तित्वांत आला. तेव्हां पाकिटावर ‘मंगरूळ, जिल्हा वाशीम’ असें असून कागद जुना असेल, तर तें १९०५ पूर्वींचें. ‘जिल्हा अकोला’ असेल, तर त्यानंतरच्या ९३ वर्षांतलें. कारंजाच्या पत्रावर ‘जिल्हा अमरावती’ दिसल्यास कोणी चूक समजूं नये. ती चूक नसून तारीख आहे.

अशा पत्रांत असतें तरी काय? लढायांचीं वर्णनें क्वचितच. मुलीच्या सोयरिकीची बोलणी, सावकाराचा तगादा, कापसाचा व ज्वारीचा भाव, बैलजोडीची किंमत, कोणाच्या आजारपणाची वार्ता. १८९९-१९०० चा दुष्काळ किंवा १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांचे आंकडे सरकारी अहवालांत मिळतात. परंतु त्या आंकड्यांतील एक आंकडा म्हणजे कोणत्या घरची सून होती, हें अहवाल सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम घरचें पत्रच करतें.

फोटोची गोष्ट थोडी निराळी आहे. पत्र निदान स्वतः बोलतें. फोटो मुका असतो. त्यांतील मंडळी ओळखणारा माणूस जिवंत आहे तोंवरच तो इतिहास, नंतर तो केवळ जुना पुठ्ठा. तरी चौकस नजरेला त्यांतहि खुणा सांपडतात. पुठ्ठ्यावर स्टुडिओचें नांव व गांव असतें. पुरुषांच्या डोकीवर पगडी आहे, रुमाल आहे कीं टोपी, हें पाहावें. गांधी टोपी दिसली तर फोटो १९२० च्या सुमारापूर्वींचा नव्हे. मागें दिसणारा परिसर तर माणसांहून मोलाचा ठरतो. वाशीमच्या पद्मतीर्थाचा जुना कांठ, कारंजाच्या दिल्ली वेशीची किंवा दारव्हा वेशीची पूर्वींची स्थिति, मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रुळांच्या रेल्वेचें गजबजलेलें स्टेशन, या गोष्टी कोणीं मुद्दाम टिपल्या नसतील. लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो काढतांना त्या आपसुक आल्या.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, पत्र एकाच बाजूचें बोलतें. भाऊबंदकीच्या वादांत एका भावाचें पत्र सांपडलें म्हणून दुसरा भाऊ अपराधी ठरत नाहीं. शिवाय घरांतील कर्ज, कलह, दुःख यांचे कागद कोणास दाखवावे आणि कोणास नाहीं, हा अधिकार त्या घराचा आहे. संशोधकानें तो मानावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पत्रें असतात तीं लिहितां-वाचतां येणाऱ्यांच्या घरीं. या जिल्ह्यांतील कितीएक शेतकरी, मजूर व अस्पृश्य गणलेल्या समाजाच्या घरांत कागद शिरला तो फार उशिरां. मानोरा तालुक्यांत पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे. त्या क्षेत्रीं जमणाऱ्या बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत. त्यांचा इतिहास गाण्यांत व वृद्धांच्या तोंडीं आहे. केवळ पेट्या उघडून इतिहास लिहिला, तर ज्यांच्यापाशीं पेटीच नव्हती त्यांना तो पुन्हां एकदां वगळील. तेथें पत्राच्या जागीं आजीची आठवण आणि घरांतला पहिला फोटो यांनाच कागदाचा मान दिला पाहिजे.

हें सर्व काम दिवसेंदिवस कठीण होत आहे. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडीचें शिक्षण बंद पडलें; आजोबांचें पत्र नातवाच्या हातीं आहे, पण तें त्याला वाचतां येत नाहीं. जुने वाडे पडून सिमेंटचीं घरें उठत आहेत, आणि सामान हलवितांना पहिली कुऱ्हाड कागदांवर पडते. रद्दीच्या तराजूंत शंभर वर्षांच्या पत्रांचें वजन पावशेर भरतें.

उपाय मात्र थोर विद्वत्तेचा नाहीं. घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशीं एक दुपार बसावें, आणि फोटोंतील प्रत्येकाचें नांव, नातें व गांव विचारून पाठीमागें मऊ पेन्सिलीनें हलकेंच लिहावें. शाईनें नव्हे, कारण ती पुढच्या बाजूस उमटते. पत्रें ओलीपासून व उन्हापासून दूर ठेवावीं, फाटल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, आणि बासनांतील क्रम मोडूं नये, कारण कोणतें पत्र कोणत्या पत्राशेजारीं होतें, हीहि एक माहितीच असते. हल्लीं प्रत्येकाच्या हातांतील मोबाइलवर कागदाची छबी क्षणांत निघते. ती काढून दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवावी, म्हणजे एक घर जळालें तरी दुसऱ्या घरीं मजकूर राहतो. मेणवलीच्या दप्तरानें नागपूरसाठीं केलें तें हेंच.

वत्सगुल्माच्या राजानें आपलें दान तांब्यावर कोरविलें, म्हणून त्याचें नांव राहिलें. ज्यांनीं कागदावर लिहिलें, किंवा लिहिलेंच नाहीं, त्यांचीं नांवें राहणें न राहणें हें आजच्या पिढीच्या एका दुपारीवर अवलंबून आहे. नांवें सांगणारीं माणसें थकलीं आहेत. फोटो त्यांच्याहून अधिक जगतील, पण नांवें सांगणार नाहींत.