गिरणीत घडलेली मेरी

आज स्कॉटलंडच्या मेरी स्लेसरची गोष्ट सांगते. तिचा जन्म १८४८ चा. बाप जोडे शिवायचा, पण दारूच्या आहारी गेलेला. आई डंडी शहरात कापडगिरणीत मागावर होती. अकराव्या वर्षी मेरीही गिरणीत लागली. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस शाळा. चौदाव्या वर्षापासून मात्र सकाळी सहा ते संध्याकाळी सहा काम. मागाला पुस्तक टेकवून ती धागा सांभाळत वाचायची. तिच्या मजुरीवर घर चालायचं.

घरी आई मुलांना आफ्रिकेतल्या कालाबारच्या ख्रिस्ती मिशनच्या बातम्या वाचून दाखवायची. आपल्या मुलानं तिकडे जावं, ही तिची आस. तो मुलगा वारला. १८७६ साली मेरीच कालाबारला गेली. तिथे जुळी मुलं अपशकुनी मानून टाकून देत. तिनं कितीतरी बाळं वाचवली, काहींना स्वतः वाढवलं. १९१५ साली तिकडेच तिचा अंत झाला.

आईनं स्वप्न मुलासाठी पाहिलं, पण ऐकत मुलगीही होती. आपल्या घरीही मुलाच्या शिक्षणाचं बोलणं चालतं, तेव्हा चुलीपाशी बसलेली मुलगी ऐकत असते. तिलाही विचारूया, बाई, तुला काय व्हायचंय?