डोक्यावरचा रुमाल कुणी बांधला?

आमच्या गटाच्या मसाल्याचं पाकीट छापायचं ठरलं, तेव्हा छापखान्यातून एक नमुना आला. त्यावर डोक्यावर पदर घेतलेली, गालात हसणारी बाई. नमुना या हातातून त्या हातात फिरला. गटातली सगळ्यात लहान सून म्हणाली, "ही आपल्यातली कोण हो?" कुणालाच सांगता येईना. त्यावरून एक जुनी हकीकत आठवली, ती आज सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. १७८६ साली तिथे स्पेनचं राज्य होतं आणि एस्तेबान मिरो नावाचा गव्हर्नर होता. शहरात आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच बायका गुलामगिरीतून सुटलेल्या होत्या. शिवणकाम, व्यापार करून काहींनी स्वतःची घरंही केली होती. त्या केस उंच बांधायच्या, त्यात पिसं आणि दागिने खोवायच्या. हे वरच्या लोकांच्या डोळ्यांत खुपलं. गव्हर्नरने हुकूम काढला, की या बायकांनी केसांत पिसं-दागिने घालायचे नाहीत, केस रुमालात बांधायचे. डोक्याला रुमाल ही राबणाऱ्या गुलाम बाईची खूण होती. सुटलेलीनेही तिच्यासारखंच दिसावं, हा त्यातला डाव.

बायकांनी रुमाल बांधले. पण कसले! भारी कापडाचे, भडक रंगांचे, उंच उंच गाठी मारलेले. पुढे ती तऱ्हा गोऱ्या बायकांनीही उचलली. १८०३ साली तो मुलूख अमेरिकेकडे गेला, हुकूम मागे पडला, रुमाल मात्र राहिला.

शेतात राबणाऱ्या गुलाम बायकांची गोष्ट वेगळी. त्यांचे केस बारीक वेटोळ्यांचे. अशा केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडून तुटतात. आठवडाभर त्या केसांची एकेक बट दोऱ्याने नाहीतर चिंधीने गुंडाळून ठेवायच्या आणि वर रुमाल बांधायच्या. ऊन, धूळ, घाम, उवा, सगळ्यापासून तेवढाच बचाव. रविवारी कामाला सुट्टी, तेव्हा दोरा सोडायचा, की केस मोकळे होऊन छान लाटा पडायच्या. म्हणजे जपणूकही तीच आणि नटणंही तेच. फणी नसेल तर मेंढीची लोकर विंचरायचं अवजार केसांतून फिरवायचं! गुलामगिरी पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी १९३६ ते १९३८ या काळात सरकारने लिहून घेतल्या. त्यांत केसांच्या अशा निगेच्या आठवणी आहेत. दोऱ्याने केस गुंडाळायची ही कला पश्चिम आफ्रिकेतली. तिथल्या योरुबा बायका तिला 'इरुन किको' म्हणतात.

या रुमालाचा एक धागा आपल्या देशातही येतो. तिकडे डोक्याला बांधत त्यांतला चौकटीचा रंगीत सुती रुमाल 'मद्रास' म्हणूनच ओळखला जाई, कारण तो आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या मागांवर विणला जायचा. गोऱ्या व्यापाऱ्यांची जहाजं तो आफ्रिकेत आणि पुढे अमेरिकेकडे न्यायची. आफ्रिकेत माणसं विकत घेताना जो माल मोजून द्यायचे, त्यात भारताचं कापडही असायचं. आपल्या विणकरांना याची खबर असेल का, कोण जाणे. आम्हाला तर हे वाचून दोन दिवस चैन पडलं नाही.

आता पाकिटाकडे येऊ. गुलामगिरी १८६५ साली संपली. १८८९ साली तिकडे धिरड्यासारख्या पदार्थाचं तयार पीठ विकायला आलं, नाव 'आंट जेमिमा'. चित्र कुणाचं, तर डोक्याला रुमाल बांधलेल्या हसऱ्या काळ्या मोलकरणीचं. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात तिचं सोंग घेऊन धिरडी करायला नॅन्सी ग्रीन यांना उभं केलं. त्या स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या. न्यू ऑर्लिन्सच्या बायकांनी ज्या रुमालाचा तोरा केला होता, तोच इथे चाकरीची निशाणी म्हणून पाकिटावर बसला. चित्रातल्या बाईचे केस उघडे दिसायला १९८९ साल उजाडलं, आणि ते नाव गेलं २०२१ साली. मधल्या काळात, १९६०-७० च्या सुमारास, हक्कांसाठी लढणाऱ्या काळ्या बायकांनी रुमाल पुन्हा आपल्या मर्जीने बांधायला घेतला होता.

हे सगळं बैठकीत सांगून झालं, तेव्हा मिरची कुटणाऱ्या आमच्या मावशी म्हणाल्या, "अगं, पदर मी घेते तो मोठ्या दिरांसमोर. कांडपावर टॉवेल बांधते, तो मात्र माझ्या केसांसाठी. भुकटी एकदा केसांत गेली की रात्रभर डोकं चुरचुरतं." एक-दोघी म्हणाल्या, पदरच बरा, गिऱ्हाइकाला ओळखीचा वाटतो. त्यावर बरीच वादावादी झाली, चहा दोनदा झाला. शेवटी मावशींना कांडपापाशी टॉवेल बांधूनच उभं केलं, धाकट्या सुनेने मोबाइलवर फोटो काढला आणि छापखान्यात पाठवला. मावशींची एकच अट होती, खोटं खोटं हसायला सांगायचं नाही. नवा नमुना अजून यायचा आहे.