हळदीचा घुमारा आणि गोंगाटाचे रंग

मोकळ्या मैदानात घुमारा नसतो. टाळी वाजवली की आवाज चारी दिशांना निघून जातो, अडवायला भिंत नसल्याने परत येत नाही. पनवेल परिसरातल्या आगरी-कोळी लग्नांची हळद अशाच उघड्यावर, दारापुढच्या मांडवात होत आली. कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा ही मुळातली गावे. 1970 साली सिडको या सरकारी नगरविकास कंपनीची स्थापना झाली, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भातशेतीच्या जागी सेक्टर उभे राहिले. हळदीची रात्र मात्र टिकली. मांडवात नसलेला घुमारा यंत्राने आणण्याची धडपडही तिच्याबरोबर वाढत गेली.

आधी धवलारणी बाया धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणत, तेव्हा माईक नव्हता. मग ब्रास बँड आला, बेंजो पार्टी आली. इथला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुलतरंग. त्याला पिकअप लावून तो स्पीकरवर वाजवायचा. माईकवर गाणाऱ्याला मात्र 'एको' हवाच असे, कारण उघड्यावर कोरडा गळा फार एकटा वाटतो. जुन्या एको यंत्रात टेपचे वेटोळे फिरत राही: एका हेडने आवाज नोंदवायचा, पुढच्या हेडने क्षणभर उशिरा तोच वाजवायचा. 1974 साली आलेला रोलंडचा स्पेस एको असाच चाले, आणि त्यात टेपच्या जोडीला स्प्रिंगचा रिव्हर्बही होता.

एको आणि रिव्हर्ब एक नव्हेत. आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे 34 मीटर जातो. म्हणून 17 मीटरपलीकडच्या भिंतीवरून परतलेली टाळी कानाला वेगळी, दुसरी टाळी म्हणून कळते, तो एको. भिंती जवळ असल्या की शेकडो परतलेले आवाज एकमेकांत मिसळतात आणि मूळ आवाजाला लांब शेपूट फुटते, तो रिव्हर्ब. हे शेपूट हुकमी मिळावे म्हणून जर्मनीच्या ईएमटी कंपनीने 1957 साली सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला. एका बाजूने आवाज देऊन पत्रा थरथरवायचा, ती थरथर दुसरीकडे टिपायची. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पातळ पत्रा उचलताना जो लांबत जाणारा झणत्कार उठतो, त्याचेच हे शिस्तीत बांधलेले रूप. चौकटीसह हे धूड सुमारे 270 किलोचे होते, त्यामुळे ते स्टुडिओतच राहिले. भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हाच परिणाम गणिताने साधण्याची रीत मांडली, आणि पुढे रिव्हर्ब चिपमध्ये मावला. गाणे वाजत असतानाच एको-रिव्हर्ब हाताने खेळवण्याची कला मात्र जमैकाची. किंग टबी या किंग्स्टनच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने 1970च्या दशकात मिक्सरलाच वाद्य बनवले. आज हळदीला वाजवणाऱ्या डीजेच्या हातातला रिव्हर्ब त्याच घराण्यातला आहे.

गोंगाटाची कथा उलटी आहे. तो आणायचा नव्हता, घालवायचा होता. 1920च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सन यांनी दाखवले की कोणत्याही तारेत निव्वळ उष्णतेमुळे विजेची सरसर असतेच. ती सर्व वारंवारतांना सारखी पसरते, म्हणून पांढऱ्या प्रकाशावरून तिच्यासारख्या गोंगाटाला पांढरा म्हणतात; चॅनेल नसलेल्या जुन्या टीव्हीची खरखर साधारण तशीच. गुलाबी गोंगाट दर सप्तकाला 3 डेसिबलने उतरतो, म्हणजे प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखीच शक्ती येते. कानही सप्तकांनी ऐकतो, म्हणून साउंडवाले सिस्टीम जुळवताना हाच वाजवतात. ब्राउन गोंगाट 6 डेसिबलने उतरतो. त्याचे नाव रंगावरून नाही, 1827 साली पाण्यात परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची अस्थिर हालचाल पाहणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्यावरून आले. पावसाळ्यात खारघरचा पांडवकडा धबधबा लांबून ऐकला तर या गोंगाटाची जात कळते.

टेपवरची सरसर दाबण्याची सर्वांत गाजलेली युक्ती रे डॉल्बी यांची. 1963 ते 1965 या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. 1965 साली लंडनमध्ये त्यांनी कंपनी काढली. आज कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच डॉल्बी म्हणतात. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव सर्वांत मोठ्या आवाजाला चिकटले.

तीच सरसर डीजेने पुन्हा हवीशी केली. 2011 साली आलेल्या पायोनियरच्या डीजेएम-900 नेक्सस मिक्सरमध्ये नॉइज आणि रिव्हर्बचा 'स्पेस' ही दोन्ही बटणे आली. नॉइजची घुंडी फिरवली की फिल्टर सरकतो, सरसर खालून वर चढते आणि पुढच्या ठोक्याची ओढ लागते. तिच्यात सगळ्या वारंवारता असल्याने दोन गाण्यांमधला सांधाही झाकला जातो. पारंपरिक कोळीगीताची सहा मात्रांची झुलती चाल आणि रिमिक्सचा सरळ चारचा ठोका बीटने जुळत नाहीत. तिथे आधी जाणाऱ्या गाण्याचा बेस कापायचा, मग रिव्हर्ब वाढवायचा, फेडर खाली ओढायचा आणि शेपूट विरत असतानाच नवे गाणे सोडायचे. बेस न कापता रिव्हर्ब दिला तर ठोके एकमेकांत कालवले जाऊन नुसता गडगडाट उरतो. सेक्टरमध्ये इमारतींच्या मधोमध मांडव असेल तर भिंतीच एको देतात. तिथे हात आखडणारा डीजे जाणता.

वरचे सूर हवेत लवकर विरतात आणि भिंतींवर अडतात, बेस लांबपर्यंत जातो. मांडवात चढणारी सरसर दोन इमारतींपलीकडच्या आजाऱ्याला ऐकूच येत नाही, त्याच्यापर्यंत ठोकाच पोचतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद केला. पण ही मोजणी 'ए' मापाने होते, आणि ते माप खालच्या सुरांचे वजन बरेच कमी धरते. त्यामुळे खिडकीची काच थरथरवणारा बेस मीटरवर जेवढा दिसायला हवा तेवढा दिसत नाही.