आधी जेव, मग बोलू

अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा झालेल्या रुग्णावर उपचार करताना एक नियम जवळपास सगळीकडे पाळला जातो: आधी वजन वर आणायचं, मनाच्या खोल गोष्टी मागाहून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. मुलगी जेवत नाही कारण तिच्या मनात जाड होण्याची भीती आहे. मग भीती काढा, ती आपोआप जेवेल, हा कुणीही मांडेल असा सरळ हिशेब. तो चुकतो कुठे, हे कळायला वैद्यकाला सत्तरेक वर्षं लागली. कळलं तेही ह्या आजाराशी काडीचा संबंध नसलेल्या 36 धडधाकट पुरुषांमुळे.

नियमाचा उगम मात्र त्यांच्याही आधीचा आहे. 1873 साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल अशा दोन डॉक्टरांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, जेवण सोडलेल्या तरुण मुलींची वर्णनं मांडली. गल हा गाय्ज हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी त्याने राजपुत्राचा विषमज्वर बरा केला होता आणि त्याबद्दल त्याला किताब मिळाला होता. अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा हे नाव त्याचं. त्याच्या रुग्ण मुलींची नाडी मंद, अंग गार, हाडं दिसतायत, आणि तरी त्या दिवसभर धावपळ करतायत, हे त्याने नेमकं टिपलं. त्याचा उपायही साधा होता: ठरावीक वेळाने अन्न द्या, अंग ऊबदार ठेवा आणि मुलीला घरच्यांपासून लांब, ज्यांचा शब्द ती मोडणार नाही अशा माणसांच्या देखरेखीखाली ठेवा. नातेवाईक हे ह्या कामी सगळ्यात वाईट परिचारक, असं त्याचं स्पष्ट मत होतं. लासेगचं लक्ष घराकडे जास्त होतं. आईबाप आधी विनवण्या करतात, मग धमक्या देतात, आणि दोन्ही संपल्यावर त्यांच्या हातात काही उरत नाही, हे त्याने ज्या बारकाईने लिहिलंय ते वाचताना आजचंच एखादं घर डोळ्यांपुढे येतं.

पुढची पन्नास-साठ वर्षं बरीचशी भरकटण्यात गेली. 1914 मध्ये हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी पियूषिका ग्रंथी नष्ट झाल्यामुळे खंगून गेलेल्या एका बाईची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर खंगलेली प्रत्येक मुलगी ग्रंथींच्या डॉक्टरकडे जाऊ लागली. ग्रंथींचे अर्क टोचले गेले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 1940 साली वॉलर, कॉफमन आणि डॉइच ह्या मनोविश्लेषकांनी मांडलं की ही मुलगी अन्न नाकारते कारण तिच्या नकळत, खाण्यातून गर्भ राहील अशी कल्पना तिच्या मनात दडून बसलेली असते. आज हे वाचून हसू येतं, पण त्या काळात ते गंभीर शास्त्र होतं. ग्रंथीवाले असोत की विश्लेषक, दोघांनीही एक साधी शंका घेतली नाही. समोरच्या मुलीचं हे मन, तिची चिडचिड, तिचं एकटं बसणं, तिचा अन्नाचा ध्यास, ह्यातलं किती उपासमारीमुळे आहे आणि किती त्याआधीपासून होतं?

ह्या शंकेचं उत्तर युद्धाने दिलं, तेही शंका कुणी विचारलेली नसताना.

1944 मध्ये युरोपभर उपासमार होती. युद्ध संपल्यावर लाखो खंगलेल्या माणसांना पुन्हा जेवायला कसं घालायचं, किती घालायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ते शोधायचं ठरवलं. हेच कीज पुढे भूमध्य सागराकाठच्या आहाराचे आणि कोलेस्टेरॉलचे म्हणून जगाला माहीत झाले. त्यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या खाली होती. माणसं कुठून आणायची? अमेरिकेत तेव्हा धर्मश्रद्धेमुळे किंवा विवेकामुळे बंदूक हाती घ्यायला नकार देणारे तरुण होते. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी पंथांतले बरेच. त्यांना सैन्याऐवजी नागरी सेवेच्या छावण्यांत कामाला लावलं जायचं. त्यांच्यात एक पत्रक वाटलं गेलं. त्यावर वाडगे घेतलेली लहान मुलं होती, आणि ती नीट जेवावीत म्हणून तुम्ही उपाशी राहाल का, अशा अर्थाचा प्रश्न. देशासाठी काहीच करत नाही असे टोमणे ऐकून कंटाळलेल्या मुलांना हे हवंच होतं. शरीराने आणि मनाने ठणठणीत असे 36 जण निवडले गेले. हे निवडून घेणं पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

नोव्हेंबर 1944 मध्ये प्रयोग सुरू झाला. पहिले 12 आठवडे सगळ्यांना भरपेट, दिवसाला साधारण 3200 कॅलरी. 12 फेब्रुवारी 1945 पासून 24 आठवडे अर्धउपासमार: दोन वेळचं जेवण, त्यात बटाटे, सलगमसारखे कंद, कोबी, पाव, मॅकरोनी, म्हणजे युद्धकाळी युरोपात जे मिळायचं ते. सरासरी 1570 कॅलरी, आणि वर आठवड्याला 22 मैल चालणं. प्रत्येकाचं वजन सुमारे पाव भागाने उतरावं असा बेत होता. जाता जाता सांगतो, आज फोनवर फिरणारे कित्येक डाएट चार्ट ह्याहून कमी आकडा सांगतात.

शरीराचं काय होणार हे साधारण अपेक्षित होतं: नाडी मंदावली, पाय सुजले, ऐन जुलैच्या उन्हाळ्यात मुलं गरम कपडे घालून बसू लागली. चकित केलं ते मनाने. ही सगळी सुशिक्षित, आदर्शवादी, गप्पिष्ट मुलं होती. विद्यापीठात वर्गांना जायची, राजकारणावर वाद घालायची. काही महिन्यांत त्यांच्या बोलण्यात अन्नाशिवाय विषय उरला नाही. ज्यांनी कधी चहा केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले आणि रात्री कादंबरीसारखी वाचू लागले. कुणी पुढे आचारी व्हायचं ठरवलं. जेवण पुढ्यात आलं की ते गिळून न टाकता, बटाट्यात पाणी कालवून, तुकडे करून, चिवडत चिवडत, कधी दोन-दोन तास पुरवायचं. शेवटी ताट चाटायचं. कॉफी आणि च्युइंगगम इतकं वाढलं की त्यावर मर्यादा घालावी लागली. बाहेर गेल्यावर कुणी चोरून खाल्लं तर नंतर अपराधाने पोळून निघायचा. शेवटी एकट्याने बाहेर पडण्यावर बंदी आली. विनोद संपला, मैत्रिणी नकोशा झाल्या, एकमेकांचं खाणं पाहवेना.

ह्याच विद्यापीठात काही वर्षांपूर्वी तयार झालेली व्यक्तिमत्त्व-चाचणी, एमएमपीआय, कीज यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ योसेफ ब्रोझेक आणि इतरांनी ह्या मुलांना पुन्हा पुन्हा दिली. खिन्नता, तब्येतीची अतिकाळजी, शारीरिक तक्रारींचा वाढता सूर, ह्या मापपट्ट्यांवरचे आकडे चढत गेले. निवडतानाच मन तपासून घेतलेलं असल्यामुळे ‘हे आधीपासूनच असे होते’ असं म्हणायला जागा उरली नाही. माणूस तोच होता. बदललं होतं ते फक्त ताट.

जुलैअखेर पुन्हा जेवू घालणं सुरू झालं, आणि सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध हा काळ काहींना जास्त जड गेला. चार गटांना वेगवेगळ्या प्रमाणात अन्न वाढवून दिलं. थोडंथोडकं वाढवून काही होत नाही, हे लवकरच कळलं. पोट तुडुंब भरलं तरी भूक जात नव्हती. बंधनं उठल्यावर काही जण एका दिवसात अनेक माणसांचं जेवण जेवले आणि तरी उठताना त्यांना अपुरं वाटलं. मन सावरायला वजनापेक्षा जास्त वेळ लागला. मधेच ऑगस्टमध्ये महायुद्ध संपलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांच्यापर्यंत मदतकार्यकर्त्यांसाठीची एक छोटी पुस्तिका 1946 मध्ये पोचली. पूर्ण ग्रंथ, दोन खंड, तेराशेहून जास्त पानं, 1950 मध्ये आला. तोवर भुकेलेला युरोप आपापल्या परीने जेवू लागला होता. मदतकार्याच्या दृष्टीने ग्रंथ उशिराच आला असं म्हणावं लागेल.

त्याचे खरे वाचक भलतीकडेच होते. जेवणाचे बारीक तुकडे, तासन्‌तास चिवडणं, पाककृतींची पुस्तकं जमवणं, कॉफी आणि गम, एकलकोंडेपणा, एकदा सुटलं की आवरता न येणारं खाणं: अ‍ॅनोरेक्झियाच्या वॉर्डात काम केलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटणारच. आजाराची खास लक्षणं म्हणून जे वर्षानुवर्षं पाठ केलं, त्यातलं बरंचसं कुठल्याही उपाशी माणसात उगवतं, असं ह्यातून निघत होतं. हिल्डे ब्रूख ही स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेतली. तरीही उपाशी मेंदूशी केलेला संवाद फुकट जातो, हे तिने बजावून सांगितलं. टोरांटोच्या डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकल यांनी 1985 साली उपचारांवरचा मोठा ग्रंथ संपादित केला. त्यातल्या एका प्रकरणात गार्नर आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटाची ही सगळी कथा चक्क रुग्णांना सांगण्यासाठी मांडली. तुझं हे वागणं वेडेपणा नाही, ही भूक बोलतेय, असं रुग्णाला समजावायचं आणि मग ताट पुढे ठेवायचं. तिथपासून ते प्रकरण उपचारकेंद्रांत रुग्णाच्या पहिल्या धड्यासारखं वापरलं जाऊ लागलं.

इथे कुळकथा संपली असती तर सोपं झालं असतं. पण त्या 36 जणांपैकी कुणालाही उपाशी राहायचं नव्हतं. त्यांना हवा होता पाव आणि लोणी. अ‍ॅनोरेक्झियातली मुलगी मात्र पावाला घाबरते. लंडनच्या आर्थर क्रिस्प यांनी तर ह्या आजाराला वजनाचा फोबियाच म्हटलं होतं. भूक सगळं उपजवते असं मानलं तर हे घाबरणं कुठून येतं?

ते उपासाच्याही आधीच्या काळजीखोर स्वभावातून येतं का, हे पाहायला काळजी मोजायचं साधन लागणार होतं, आणि ते एव्हाना तयार होतं. चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या 1970 च्या प्रश्नावलीत 20-20 विधानांचे दोन संच होते: एक ह्या घटकेला वाटणाऱ्या काळजीसाठी, दुसरा माणसाच्या मूळ काळजीखोर स्वभावासाठी. परीक्षेच्या दाराशी छातीत होणारं धडधडणं वेगळं आणि जन्मभर पोटात राहणारा गोळा वेगळा, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. स्पीलबर्गरने त्याला आकडे दिले. पुढे 2004 मध्ये वॉल्टर के आणि सहकाऱ्यांनी खाण्याचे विकार असलेल्या 672 जणांचा अभ्यास छापला. सुमारे दोन तृतीयांश जणांना आयुष्यात कधी ना कधी एखादा चिंताविकार झालेला होता; विचार आणि कृतींच्या सक्तीचा, म्हणजे ओसीडी, 41 टक्क्यांना, चारचौघांत वावरण्याच्या भीतीचा 20 टक्क्यांना. आणि बहुतेकांच्या बाबतीत हा चिंताविकार लहानपणी, खाण्याच्या विकाराच्या आधी सुरू झालेला होता.

म्हणजे काळजी आधी, उपास नंतर. आणि उपासातून पुन्हा काळजी. के यांचा तर्क असा की काही काळजीखोर मुलींना न जेवल्याने सुरुवातीला हलकं, शांत वाटतं. मिनेसोटाच्या मुलांना जे छळत होतं ते ह्यांना औषधासारखं लागू पडतं, आणि म्हणून सुटत नाही. मला हा तर्क पटतो. पूर्ण सिद्ध झाला असं कुणी म्हणू नये, पण एरवी न जुळणारे दोन तुकडे तो जोडतो. न्यूयॉर्कमध्ये जोॲना स्टाइनग्लास यांनी अशा रुग्णांना प्रयोगशाळेत जेवायला बसवलं आणि जेवणाआधीची काळजी मोजली. काळजी जितकी जास्त तितकं ताटातलं कमी संपलं. मग त्यांनी फोबियावर वापरतात तीच रीत लावून पाहिली: भीती वाटते तो पदार्थ समोर घेऊन, भीती ओसरेपर्यंत बसायचं. इथे जेवण हेच बोलणं होतं.

आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतते, कारण न जेवणं हे आपल्या घरात संशयाचं कारण नसतं. चतुर्थी, एकादशी, सोमवार असं पंचांगच त्याच्या बाजूने असतं. 1989 मध्ये किंग आणि भुग्रा यांनी गार्नर-गारफिंकल यांची खाण्याविषयीची प्रश्नावली हिंदीत करून उत्तर भारतातल्या मुलींना दिली, तेव्हा धोक्याच्या रेषेवर आलेल्या मुलींची संख्या अचाट निघाली. तपासल्यावर दिसलं की काही ठरावीक प्रश्नांची उत्तरंच वेगळ्या अर्थाने दिली गेली होती. उलट 1995 मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी, खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी, पाच तरुणींची नोंद छापली: खाणं नाकारणं, उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी, पण आपण जाड आहोत असा भ्रम नाही. पाश्चात्त्य व्याख्येचा गाभाच नसलेला हा आजार कशात बसवायचा? ताट पुढे ठेवण्याचा नियम मात्र इथेही लागू पडतो, कारण उपाशी शरीराला व्याख्या कळत नाही.

ताट पुढे कुणी ठेवायचं, ह्याचा निकाल लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात लागला. 1987 मध्ये जेराल्ड रसेल आणि सहकाऱ्यांनी 80 रुग्णांना आधी दाखल करून वजन वर आणलं, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काहींना कुटुंबासह उपचार दिले, काहींना एकट्याने. लहान वयात आजार लागलेल्या आणि तीन वर्षांच्या आत आलेल्या मुलींना कुटुंबाच्या उपचारांनी जास्त गुण आला. मोठ्या वयात आजार सुरू झालेल्यांच्या बाबतीत पारडं एकट्याच्या उपचारांकडे झुकलं. गलने ज्यांना सगळ्यात वाईट परिचारक म्हटलं होतं त्याच आईवडिलांना कुटुंबाच्या ह्या उपचारांत आता दुसऱ्याच भेटीत डबा घेऊन यायला सांगतात. काय आणायचं ते तेच ठरवतात. मुलीने ठरवलं असेल त्याहून एक घास जास्त तिने खावा, एवढंच त्या दिवशीचं काम. उपचारक शेजारी बसून आईबापांना कसं बोलायचं ते सुचवत राहतो, भरवायला पुढे सरसावत नाही.