मोठ्याचं: एका ताटाचा इतिहास

मागच्या बकरी ईदनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एका सहकारी सरांनी मोबाइल पुढे केला. त्यांचा भाचा जपानमध्ये नोकरीला आहे. सुट्टीत तो इशिगाकी नावाच्या बेटावर गेला होता आणि तिथून त्याने ताटाचा फोटो पाठवला होता. मांसाच्या पातळ कापांत चरबीची संगमरवरासारखी जाळी. खाली लिहिलं होतं, 'इथलं बीफ जगप्रसिद्ध आहे, टेबलासाठी आधी नाव नोंदवावं लागतं.'

सरांनी फोटो मिटवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, ईदला तुमच्याकडे काय असतं हो?"

मी म्हणालो, "मटण."

हे अर्धं खरं होतं. कुर्बानीचं बकऱ्याचं मटण होतंच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जी निहारी झाली ती म्हशीच्या मांसाची होती. कायद्याने चालणारी, परवाना असलेल्या दुकानातून आणलेली. तरीही मी तिचं नाव घेतलं नाही. शाळा सुटल्यावर टेंभी नाक्यावरून स्टेशनकडे चालताना हाच विचार डोक्यात होता. जपानमधल्या एका बेटाला ज्या ताटाचा अभिमान वाटतो, त्याच्या जवळपासच्या ताटाबद्दल मी दबक्या आवाजातही का बोलू शकलो नाही?

इतिहास वाचायची सवय असल्याने उत्तर तिथेच शोधायला लागलो.

जपाननेही बंदी पाहिली आहे

इशिगाकी ओकिनावा प्रांतात येतं. टोकियोपेक्षा तैवानच्या जवळ असलेलं हे उष्ण, दमट बेट आपल्या कोकणाची आठवण करून देईल असं आहे. तिथल्या काळ्या गुरांचं मांस बेटाच्याच नावाने विकलं जातं. २००० साली ओकिनावात जी-८ राष्ट्रांची परिषद झाली, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणात ते होतं. त्यानंतर त्याचं नाव जगभर झालं.

पण ज्या देशाची आज बीफसाठी ओळख आहे, त्याच देशात शतकानुशतकं ते निषिद्ध होतं. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने फर्मान काढलं: गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायची नाही. हा मनाई काळ शेतीच्या हंगामाचा होता. यामागे बौद्ध धर्माची अहिंसा होती आणि भातशेतीला लागणाऱ्या जनावराची काळजीही होती. पुढे निषेध रुजत गेला. तरी आजाऱ्याला 'औषध' म्हणून गोमांस चालायचं आणि हिकोनेचे सरदार शोगुनला मिसोत मुरवलेलं मांस नजराणा म्हणून पाठवायचे. अखेर १८७२ साली सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि चित्र पालटलं. आज ज्याला 'वाग्यू' म्हणतात त्या गुरांचे पूर्वज मुळात औताला जुंपलेले बैलच होते.

म्हणजे कुठल्याही समाजाचं ताट आकाशातून पडत नाही. शेती, धर्म, सत्ता आणि शेजार यांच्या ओढाताणीतून ते घडतं आणि बदलतही राहतं.

गावगाड्यातला मुलाणी

आपल्याकडेही हेच दिसतं. अकराव्या शतकात अल-बिरुनीने भारतावरच्या ग्रंथात गोहत्याबंदीची कारणं विचारून लिहून ठेवली आहेत. कोणी त्याला सांगितलं की हे मांस इथल्या हवेत पचत नाही. त्याला स्वतःला आर्थिक कारण पटलं: गाय माणसाला दूध देते, बैल नांगर आणि ओझं ओढतो, मग तो मारून कसं चालेल? एका मुस्लिम विद्वानाने हजार वर्षांपूर्वी हिंदूंच्या श्रद्धेकडे टिंगल न करता, समजून घेण्याच्या वृत्तीने पाहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

महाराष्ट्राच्या खेड्यांत तर याहून सुंदर व्यवस्था होती. गावगाड्यात मुलाणी असायचा. मशिदीची देखभाल त्याच्याकडे आणि गावातलं बकरं हलाल करण्याचं कामही त्याच्याकडे. मराठा घरातसुद्धा मुलाण्याने दुआ म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मटण शिजत नसे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात याची नोंद केली आहे. देवीच्या जत्रेतलं बकरं कापायला मुलाणी येई, आपला वाटा घेई आणि घरी जाई. 'हलाल' या शब्दाची कुणाला भीती वाटत नव्हती. आज त्याच शब्दावरून मोहिमा निघतात, तेव्हा आपण आपलाच गावगाडा विसरलो आहोत असं म्हणावं लागतं.

टेंभी नाक्याचे शेजारी

टेंभी नाका बाहेरच्यांना माहीत आहे तो आनंद दिघे यांच्या आनंद आश्रमामुळे, नवरात्रातल्या देवीमुळे आणि दहीहंडीमुळे. पण याच परिसरात मुनिसुव्रत स्वामींचं जैन मंदिर आहे, पारशांची अग्यारी आहे आणि १८७९ साली बांधलेलं 'शार हाशामायिम' हे सिनेगॉग आहे. त्या हिब्रू नावाचा अर्थ 'स्वर्गाचं द्वार'. ते बांधणारे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणात ते तेलघाण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

माझी फुफू जवळच महागिरीत राहायची. आम्ही कल्याणहून तिच्याकडे यायचो. तिच्या शेजारी एक यहुदी आजी होत्या. आमच्या घरचं मटण त्या खात नसत, कारण त्यांच्या धर्मात कापण्याचे नियम वेगळे. कोळंबीही चालत नसे. पण खवल्यांचा मासा, पापलेट किंवा रावस, फुफू आवर्जून पाठवायची. आजींकडून त्यांच्या सणाला नारळाच्या दुधातला चायना ग्रासचा हलवा यायचा. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून त्यांच्या कालवणातही नारळाचंच दूध. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरीही तेच, फक्त कारण वेगळं.

एकदा फुफूने विचारलं, "तुमच्या किताबात तर मोठ्याचं चालतं, मग तुम्ही का खात नाही?" आजी म्हणाल्या, "आमच्यात कधी कुणी खाल्लंच नाही." मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की ही एकट्या आजींची सवय नव्हती. धर्माची मुभा असूनही बेने इस्रायल घरांत परंपरेने गोमांस वर्ज्य होतं. शेकडो वर्षं हिंदू शेजाऱ्यांत राहून ते त्यांच्या ताटातून गेलं होतं. त्यासाठी कुठला कायदा करावा लागला नाही.

ताट राजकारणात आलं तेव्हा

मग हे सगळं बिघडलं कधी? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोरक्षिणी सभा गावोगाव निघाल्या. श्रद्धा होतीच, आता तिला संघटना मिळाली. काठियावाडात प्रभासपाटणला दंगल झाली आणि ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबई पेटली. गिरणीतले, गोदीतले कामगार एकमेकांवर धावून गेले.

पण इतिहासाचं पुढचं पानही वाचायला हवं. खिलाफत चळवळीच्या दिवसांत, डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरला मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष हकीम अजमल खान होते. बकरी ईदला गाईऐवजी दुसरं जनावर कुर्बान करा, असं आवाहन त्यांनी मुसलमानांना केलं. शेजाऱ्याचं मन राखण्यासाठी ते स्वेच्छेने पुढे केलेलं पाऊल होतं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न न्यायालयात गेला. १९५८ च्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाईच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी मान्य केली, मात्र कामातून गेलेल्या बैलांवर आणि म्हशींवर सरसकट बंदी योग्य ठरवली नाही. ईदला गाईचीच कुर्बानी बंधनकारक नाही, हेही न्यायालयाने तेव्हाच सांगितलं. २००५ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या खटल्यात बैलांवरची बंदीही वैध ठरवली.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईला संरक्षण होतं. बैल आणि वळू यांनाही त्यात आणणारं विधेयक १९९५ साली झालं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. त्या मार्चपासून कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो, यात त्याच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, हे न्यायालयाने मानलं.

कायदा आहे, तो पाळायचा. आमच्या मोहल्ल्यात तो पाळला जातो. अडचण पुढेच आहे.

दूध आणि मांस

म्हशीवर बंदी नाही. आज ठाणे जिल्ह्यात 'मोठ्याचं' किंवा 'बडे का' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. ही म्हैस येते कुठून? मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांत मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा म्हशी बाहेरच्या राज्यांतून विकत आणतात. दूध आटलं की शहरात तिला पोसणं तबेलेवाल्याला परवडत नाही आणि तो ती विकतो. त्या पैशात पुढची दुभती म्हैस येते. सकाळच्या चहातलं दूध आणि आमच्या निहारीतलं मांस हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत. हा हिशेब हिंदू दूधवाला आणि कुरेशी व्यापारी मिळून पिढ्यान्‌पिढ्या चालवत आले आहेत.

बैलाचंही असंच होतं. कल्याणमध्ये 'बैल बाजार' नावाची वस्ती आहे. बाजार उठला, नाव राहिलं. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेत मात्र आजही बैलांचा बाजार भरतो. तिकडच्या एका शेतकरी पालकाने मला सांगितलं, "सर, पूर्वी म्हातारा बैल विकून नव्या जोडीत निम्मे पैसे घालायचो. आता त्याला मरेपर्यंत वैरण घालतो. जीव आहे, घालतो. पण हिशेब कोण विचारतं?" त्याच्या बोलण्यात धर्माबद्दल तक्रार नव्हती.

अडचण आहे ती संशयाची. कागद असले, दाखला असला, जनावर म्हैस असली तरी रस्त्यात टेम्पो अडवला जातो. पिशवीत काय आहे हे विचारण्याचा हक्क कुणालाही मिळाल्यासारखा वाटतो. अब्बा पूर्वी मांस वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत घालून लोकलने आणायचे. शेजाऱ्याला वास येऊ नये, वाईट वाटू नये म्हणून ही काळजी होती. आज मी तशीच पिशवी झाकतो, पण भीतीने. दोन्ही पिशव्या दिसायला सारख्याच आहेत.

मग खायचं कुठे?

सरांनी इशिगाकीचा फोटो दाखवला, म्हणून मीही सांगतो. भिवंडीत सकाळी लवकर जा. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मागाबरोबर निहारीही इथे आणली. रात्रभर मंद आचेवर शिजलेली नल्ली, वर आल्याचे बारीक काप आणि लिंबू, सोबत खमिरी रोटी. मुंब्रा-कौशात संध्याकाळी जा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबं तिथे आली आणि आपापल्या मोहल्ल्यांच्या चवी घेऊन आली: सीख कबाब, खिरी, गुर्दा. राबोडीत आणि कल्याणच्या दूधनाक्यावर रमजानमध्ये मगरिबनंतर फिरा. आणि एखाद्या कोकणी घरी बोलावणं आलंच तर तांदळाची भाकरी आणि सुकं सोडू नका.

आमच्या मांसात वाग्यूसारखी चरबीची जाळी नसते. म्हैस आयुष्यभर दूध देऊन दमलेली असते. कच्ची पपई लावावी लागते, तासन्‌तास शिजवावं लागतं. जपानचा काप तव्यावर क्षणात होतो, आमची निहारी रात्र मागते. ही गरिबाची पाककला आहे. स्वस्तात प्रथिनं मिळावीत म्हणून हमालाने, मागवाल्याने, रिक्षावाल्याने जपलेली. ज्याला नको त्याने खाऊ नये, ज्याच्या श्रद्धेला लागतं त्याच्या दारात कुणी शिजवू नये. फुफूच्या आणि आजींच्या चाळीत एवढं साधं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं आणि सांगितलं, "काल मी अर्धंच बोललो. निहारी म्हशीच्या मांसाची होती."

ते क्षणभर थांबले. मग विचारलं, "म्हशीला तर बंदी नाही ना?"

"नाही."

"मग लपवलंत कशाला?"

तासाची घंटा झाली आणि आम्ही दोघे आपापल्या वर्गावर गेलो. दोन वाक्यांत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हे इतकं लिहिलं. लिंक त्यांना पाठवतो आहे.