वाहनवेग संवेदक

वाहनवेग संवेदक हा गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दंडाची गती मोजून विद्युत संकेत देणारा भाग आहे. जुन्या मोटारींत हे काम दातेरी चाकाने फिरणारी केबल करीत असे; ती तुटल्यास सहसा केवळ स्पीडोमीटर बंद पडतो. संगणक-नियंत्रित स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र अनेकदा एकच संकेत स्पीडोमीटर आणि गिअर बदलणारा नियंत्रक या दोहोंना मिळतो. काटा थांबूनही गिअर सुरळीत बदलत असल्यास दोष बहुधा स्पीडोमीटरमध्ये किंवा त्याच्या तारेत असतो. गिअरही उशिरा वा झटक्याने बदलू लागल्यास प्रथम संवेदक, त्याची जोडणी व दातेरी चाक तपासतात. त्यामुळे गिअरबॉक्स विनाकारण उघडणे टळते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार मोटारीत स्पीडोमीटर बंधनकारक आहे.